कार्लाइलचा हंगाम : १९०७

१/
१९०७ च्या शरद ऋतूत अमेरिकी फुटबॉलच्या मैदानांवर एक विलक्षण संघ उतरला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल या गावी असलेल्या एका शाळेचा हा संघ. तो अकरा सामने खेळला, दहा जिंकला, एक हरला. त्याने २६७ गुण मिळवले आणि प्रतिस्पर्ध्यांना अवघे ६२ मिळू दिले. त्याच्याकडून पराभूत झालेल्यांत पेनसिल्व्हेनिया, हार्वर्ड, मिनेसोटा आणि शिकागो ही मातब्बर विद्यापीठे होती. या संघातील खेळाडू अमेरिकेतील निरनिराळ्या मूलनिवासी जमातींचे होते. आणि ज्या शाळेच्या नावाने ते खेळत होते, ती शाळा त्यांचे मूलनिवासीपण पुसून टाकण्यासाठीच स्थापन झाली होती.

२/
आरंभी दोन शब्दांचा खुलासा आवश्यक आहे. अमेरिकी फुटबॉल हा आपल्याकडे परिचित असलेल्या फुटबॉलहून निराळा खेळ. लांबट चेंडू हातात धरून, समोरची फळी भेदत, तो प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे नेणे हे त्याचे मर्म. चेंडू तेथे पोहोचला की टचडाउन. १९०७ साली टचडाउनचे पाच गुण मिळत, त्यानंतरच्या यशस्वी किकचा एक, आणि मैदानातून साधलेल्या फील्ड गोलचे चार. दुसरा शब्द ‘इंडियन’. कोलंबसाच्या भौगोलिक भ्रमातून शेकडो भिन्न राष्ट्रांना, भाषांना आणि जमातींना हे एकच नाव चिकटले. कार्लाइलचा संघही ‘इंडियन्स’ याच नावाने ओळखला जाई.

३/
कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलची स्थापना १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने केली. त्यापूर्वी १८७५ ते १८७८ या काळात फ्लॉरिडातील फोर्ट मॅरियन किल्ल्यात ठेवलेले मूलनिवासी युद्धकैदी त्याच्या ताब्यात होते. या कैद्यांना इंग्रजी शिकवता येते, गणवेश घालता येतो, शिस्त लावता येते, हे पाहून त्याने आपला सिद्धान्त बांधला. माणसातील ‘इंडियन’ मारावा, म्हणजे माणूस वाचेल, असे त्याच्या विचाराचे सार होते. मूलनिवाशांचा समूळ संहार करावा म्हणणाऱ्यांच्या तुलनेत त्या काळी हा उदारमतवाद समजला जाई. त्या काळाची कल्पना येण्यासाठी एवढे ध्यानात घेणे पुरेसे आहे.

४/
ऑक्टोबर १८७९ मध्ये रोझबड आणि पाइन रिज येथील लाकोटा मुलामुलींची पहिली तुकडी कार्लाइलला पोहोचली. मुले ८२ होती. त्यांतील ओटा क्टे नावाच्या मुलाने पुढे ल्यूथर स्टँडिंग बेअर या नावाने आत्मचरित्र लिहिले. फळ्यावर काही खुणा काढलेल्या होत्या. हाती काठी देऊन त्यातील एकीवर टेकवण्यास सांगितले गेले. ती खूण म्हणजे इंग्रजी नाव होते, आणि तेच त्याचे नाव ठरले, असे त्याने नोंदवले आहे. मुलांचे लांब केस कापण्यात आले. लाकोटा समाजात केस कापणे हे शोकाचे चिन्ह असते. मातृभाषा बोलण्यास मनाई झाली.

५/
अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम, धुलाई. उन्हाळ्यात गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी अल्प वेतनावर राबणूक, असा येथील क्रम होता. क्षय आणि अन्य साथींनी मुले दगावत. अनेकांना आजारी अवस्थेत घरी धाडले जाई. शाळेच्या आवारातील दफनभूमीत १८० च्या आसपास मुलांच्या कबरी झाल्या. या पार्श्वभूमीवर तेथे फुटबॉल रुजला.

६/
पाय मोडण्याच्या एका घटनेनंतर प्रॅटने बाहेरच्या संघांशी फुटबॉल खेळण्यास बंदी घातली होती. काही काळाने चाळिसेक मुले त्याच्या कार्यालयात आली आणि बंदी उठवावी म्हणून त्यांनी मोठ्या मुद्देसूदपणे विनंती केली. प्रॅटने आपल्या आठवणींत दिलेल्या हकिकतीनुसार त्याने दोन अटी घातल्या. प्रतिस्पर्ध्याने कितीही डिवचले तरी त्याच्यावर हात उगारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातील सर्वांत बलाढ्य संघाला हरवून दाखवायचे. मुलांनी अटी मान्य केल्या. म्हणजे हा खेळ कार्लाइलच्या मुलांवर लादला गेला नव्हता. त्यांनी तो मागून घेतला होता. ज्या शाळेत नाव, वेश आणि भाषा यांपैकी काहीही निवडता येत नव्हते, तेथे ही एक गोष्ट त्यांची स्वतःची निवड होती.

७/
कार्लाइल हे महाविद्यालय नव्हते. तेथील शिक्षणाची मजल जेमतेम माध्यमिक शाळेइतकी. तरीही १८९० च्या दशकापासून त्याचा संघ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि पेनसिल्व्हेनियाशी झुंजू लागला. महत्त्वाचे सामने बहुतेक परगावीच होत, कारण तेथे मोठी प्रेक्षागारे होती आणि तिकिटांच्या उत्पन्नात वाटा मिळे. प्रेक्षक ‘इंडियन’ पाहायला येत. वृत्तपत्रे युद्धआरोळ्या आणि टोमाहॉक यांच्या उपमा मुक्तहस्ते वापरीत. वुंडेड नी येथे लाकोटा स्त्रीपुरुष आणि मुले लष्कराच्या गोळ्यांना बळी पडली ती डिसेंबर १८९० मध्ये. त्या आठवणी अजून ताज्या होत्या. शाळा जे पुसत होती तेच पाहण्यासाठी तिकिटे खपत होती, आणि शाळेला त्या पैशाचे वावडे नव्हते.

८/
त्या वेळचा फुटबॉल म्हणजे मुख्यतः रेटारेटी. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकले की चेंडू आपल्याकडे राहत असे. त्यामुळे दणकट खेळाडूंची भिंत उभारून मधोमध धडक मारणे हाच राजमार्ग ठरला होता. १९०५ च्या हंगामात देशभरात दीड डझनाच्या आसपास तरुण या खेळात मरण पावल्याची मोजदाद वृत्तपत्रांनी केली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये पाचारण केले. महाविद्यालयीन क्रीडेची राष्ट्रीय संघटना, जी पुढे एनसीएए म्हणून प्रसिद्ध झाली, ती याच खळबळीतून जन्मली.

९/
याच रूझवेल्ट यांनी १९०१ च्या आपल्या वार्षिक संदेशात जमातींच्या सामायिक जमिनी तुकड्यांत वाटणाऱ्या कायद्याची प्रशंसा केली होती. जमातीचा समूह भरडून काढणारे ते बलाढ्य यंत्र आहे, अशा आशयाची. मैदानावरील तरुणांच्या मृत्यूंनी राष्ट्र अस्वस्थ झाले आणि खेळाचे नियम वर्षभरात पालटले. वसतिशाळांच्या दफनभूमींसाठी अशी बैठक कोणी बोलावली नाही.

१०/
१९०६ च्या नव्या नियमांनी दोन मूलगामी बदल केले. चेंडू राखण्यासाठी आता तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जाणे अनिवार्य झाले, आणि चेंडू हाताने पुढे फेकण्यास, म्हणजे ‘फॉरवर्ड पास’ला, प्रथमच मान्यता मिळाली. पहिला अधिकृत पास सप्टेंबर १९०६ मध्ये सेंट लुइस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने फेकला, असे मानले जाते. परंतु पास कोणाच्याही हाती न लागता पडला तर जबर दंड होई. त्यामुळे पूर्वेकडील बड्या विद्यापीठांनी या नावीन्याकडे पाठच फिरवली. वजनदार खेळाडूंची ज्यांना ददात नाही, त्यांना जुन्या रेटारेटीत काय अडचण असणार!

११/
कार्लाइलला मात्र अडचण होती. त्याचे खेळाडू प्रतिस्पर्ध्यांपेक्षा वजनाने हलके, संख्येने तोकडे, पण वेगवान आणि चपळ होते. १९०७ मध्ये ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर हा प्रशिक्षक कॉर्नेल सोडून कार्लाइलला परतला आणि त्याने नव्या नियमांत दडलेली संधी हेरली. चेंडूला फिरकी देऊन तो सरळ आणि लांब कसा फेकावा, धावणारा, फेकणारा आणि किक मारणारा यांच्यात कोण काय करणार हे अखेरपर्यंत कसे लपवावे, याचा सराव सुरू झाला. वॉर्नरची पुढे गाजलेली ‘सिंगल विंग’ ही रचना येथेच आकारास आली. योजना कागदावर सोपी असते. ती अंगात भिनवणारी मुले कार्लाइलकडे होती.

१२/
फ्रँक माउंट प्लेझंट हा न्यूयॉर्क राज्यातील टस्करोरा तरुण क्वार्टरबॅक होता. पीट हाउसर हा शायान फुलबॅक. त्याची फेक आणि किक दोन्ही जबरदस्त. टोकाला खेळणारा अल्बर्ट एक्सेनडाइन हा ‘इंडियन टेरिटरी’तून आलेला, डेलावेअर आणि चेरोकी वंशाचा. दुसऱ्या टोकाला विल्यम गार्डनर. आणि राखीव खेळाडूंत सॅक अँड फॉक्स जमातीचा एक विशीतला मुलगा होता, जिम थॉर्प. त्याचे नाव जगाला ठाऊक व्हायला अजून पाच वर्षे होती.

१३/
२६ ऑक्टोबर १९०७. फिलाडेल्फियातील फ्रँकलिन फील्डवर वीस हजारांहून अधिक प्रेक्षक, समोर तोवर अपराजित असलेले पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. सामना रंगात येण्यापूर्वीच हाउसरने सुमारे ४० यार्डांचा पास फेकला आणि गार्डनरने तो धावता धावता झेलला. तोपर्यंत पास म्हणजे अगतिकतेचा शेवटचा उपाय मानला जाई. येथे तो आक्रमणाचा कणा झाला. पुढचा पास येणार की धाव, याचा अंदाज बांधताना पेनची फळी विस्कळीत होत गेली. कार्लाइल २६, पेन ६. पेनने त्या हंगामात उरलेले सारे सामने जिंकले. त्याचा हा एकमेव पराभव.

१४/
पुढच्याच आठवड्यात न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर प्रिन्स्टनशी गाठ होती. पाऊस आणि चिखल. ओला चेंडू हातातून निसटू लागला, पासचे अस्त्र बोथट झाले आणि सामना पुन्हा जुन्या रेटारेटीवर आला. प्रिन्स्टन १६, कार्लाइल ०. हंगामातील हा एकुलता एक पराभव बरेच काही सांगून जातो. कोरड्या मैदानावर बुद्धी आणि वेग यांनी जी दरी भरून निघत होती, ती चिखलात पुन्हा उघडी पडली.

१५/
९ नोव्हेंबरला हार्वर्ड. अनेक वर्षे खेळूनही कार्लाइलला हार्वर्डवर एकदाही विजय मिळाला नव्हता. १९०३ मध्ये एका खेळाडूच्या जर्सीच्या पाठीत चेंडू दडवून कार्लाइलने टचडाउन केले होते. त्या चलाखीची चर्चा देशभर झाली, पण सामना हार्वर्डने १२–११ असा जिंकला. ‘इंडियन’ म्हटला की क्लृप्त्यांचा धनी, ही समजूत मात्र घट्ट झाली. १९०७ मध्ये कार्लाइलने २३–१५ अशी बाजी मारली. या वेळी क्लृप्तीकडे बोट दाखवण्याची सोय नव्हती.

१६/
१६ नोव्हेंबरला मिनियापोलिस येथे कार्लाइलने मिनेसोटाला १२–१० असे नमवले. याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट यांच्या स्वाक्षरीने ओक्लाहोमा हे ४६ वे राज्य अस्तित्वात आले आणि ‘इंडियन टेरिटरी’ नकाशावरून नाहीशी झाली. मिसिसिपीच्या पूर्वेकडून हुसकावलेल्या जमातींना कायमची म्हणून दिलेली ही भूमी होती. तेथील जमातींच्या नेत्यांनी ‘सिकोया’ नावाचे आपले वेगळे राज्य मागितले होते. ते नाकारण्यात आले. एक्सेनडाइन याच भूमीत जन्मला होता. थॉर्पचे गावही त्या दिवसापासून ओक्लाहोमात मोडू लागले. धावफलकावर विजय आणि नकाशावर पराभव, दोन्ही एकाच तारखेचे.

१७/
२३ नोव्हेंबर, शिकागो. पश्चिमेचा विजेता संघ, विख्यात प्रशिक्षक अमोस अलोन्झो स्टॅग. एक्सेनडाइनला पास मिळू नये म्हणून शिकागोचे खेळाडू त्याला सुरुवातीलाच अडवून पाडत होते. तेव्हा एका चालीत एक्सेनडाइन सीमारेषेबाहेर गेला, राखीव खेळाडूंच्या बाकामागून धावला आणि पुढे जाऊन पुन्हा मैदानात शिरला. हाउसरने तोवर चेंडू रोखून धरला होता. फेक, झेल, टचडाउन! असे करू नये असा नियमच तेव्हा नव्हता. पुढे तो करावा लागला. हाउसरच्या तीन फील्ड गोलांची भर पडून निकाल १८–४ असा लागला.

१८/
हा विजय कोणाचा? शाळेच्या समर्थकांना तो आपल्या पद्धतीचा पुरावा वाटे : पाहा, ‘रानटी’ मुलांचे सभ्य खेळाडू झाले. या युक्तिवादात एक खोट आहे. मैदानावर सिद्ध झालेली चपळाई, सहनशक्ती आणि परस्परांवरील विश्वास ही मुले काही कार्लाइलच्या फळ्यावर शिकली नव्हती. भिन्न भाषा बोलणाऱ्या, एकेकाळी परस्परांशी वैर असलेल्या जमातींचीही मुले येथे एका संघात आली आणि शाळेने पुसू पाहिलेल्या ‘इंडियन’ या परक्या नावाला त्यांनी स्वतःचा अर्थ दिला. ज्या खेळात पुढे सरसावून भूमी जिंकायची असते, त्या खेळात त्यांनी भूमी बळकावणाऱ्यांच्या मुलांना हरवले. हा योगायोग त्यांना कळत नसेल, असे मानणे कठीण आहे.

१९/
पण विजयाला मुक्ती समजण्याची घाईही करू नये. त्याच १९०७ च्या जानेवारीत होपी जमातीच्या लुईस तेवानिमाला इतर काही होपींसह कार्लाइलला आणले गेले होते. मुलांना सरकारी शाळेत धाडण्यास विरोध करणाऱ्या गटातला म्हणून तो लष्कराचा कैदी होता. पुढे याच तेवानिमाने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावण्यात अमेरिकेसाठी रौप्यपदक जिंकले. कार्लाइलच्या क्रीडावैभवाच्या मुळाशी अशी सक्ती होती. फुटबॉलचा पैसा सरकारी हिशेबाबाहेरच्या वेगळ्या क्रीडानिधीत जमा होई आणि तो मुख्यतः वॉर्नर आणि अधीक्षक यांच्या हाती असे.

२०/
या कारभाराविरुद्ध अखेर विद्यार्थीच उभे राहिले. गस वेल्च या ओजिब्वे खेळाडूच्या पुढाकाराने दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी चौकशीची मागणी केली, आणि १९१४ मध्ये काँग्रेसच्या समितीने कार्लाइलला येऊन साक्षी घेतल्या. क्रीडानिधीचा विनियोग, मुलांना होणारी मारहाण, अपुरे अन्न, वॉर्नरची अर्वाच्य भाषा, सारे नोंदीवर आले. अधीक्षकाला जावे लागले, वॉर्नरही त्या हंगामानंतर गेला. ज्यांना आज्ञाधारकपणा शिकवायला आणले होते, त्यांनी कायदेशीर अर्ज लिहून शाळेलाच साक्षीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९०७ च्या विजयांइतकाच हा प्रसंगही स्मरणात राहावा.

२१/
त्या संघातील मुलांचे पुढे काय झाले? माउंट प्लेझंट १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लांब उडी आणि तिहेरी उडी या दोन्ही प्रकारांत सहावा आला, आणि डिकिन्सन कॉलेजची पदवी मिळवणारा पहिला मूलनिवासी ठरला. एक्सेनडाइन कायदा शिकला, जॉर्जटाउन विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. थॉर्पने १९१२ मध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदके जिंकली; पुढच्याच वर्षी व्यावसायिक बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून ती हिरावली गेली. दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडले. मूलनिवाशांना सरसकट अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले तेही १९२४ मध्येच.

२२/
शाळा १९१८ मध्ये बंद झाली आणि जागा लष्कराकडे परत गेली. वॉर्नरचे नाव आजही अमेरिकेतील मुलांच्या फुटबॉल संघटनेला आहे. कार्लाइलच्या दफनभूमीतील काही दगडांवर मात्र ‘अज्ञात’ एवढेच कोरलेले आहे. २०१७ पासून लष्कर तेथील मुलांचे अवशेष उकरून त्यांच्या जमातींच्या स्वाधीन करू लागले आणि कुटुंबे त्यांना घरी नेऊ लागली. जुलै २०२४ च्या सरकारी अहवालाने अशा वसतिशाळांत किमान ९७३ मुले मरण पावल्याचे मान्य केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी माफी मागितली आणि डिसेंबरमध्ये कार्लाइलची वसतिशाळा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.

२३/
१९०७ चा हंगाम केवळ शौर्यकथा म्हणून सांगितला तर दफनभूमी झाकली जाते. केवळ अन्यायकथा म्हणून सांगितला तर त्या मुलांची बुद्धी, त्यांचा आनंद आणि त्यांनी खेळाला दिलेले नवे रूप झाकले जाते. मैदान आणि दफनभूमी एकाच आवारात होती, आणि तेथील मुले दोन्ही ओळखत होती. आज अमेरिकेत प्रत्येक शरद ऋतूत हजारो मैदानांवर चेंडू फिरकी घेत हवेतून पुढे जातो. त्या फेकीला मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत हाउसर, गार्डनर, माउंट प्लेझंट आणि एक्सेनडाइन होते.